उंबऱ्यावरची गुरगुर

जुई आमच्याकडे आली ती दादाच्या शालीसकट. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता आणि दादाला जाऊन वीस दिवस झाले होते. वहिनी पुण्याचा फ्लॅट बंद करून बेंगळुरूला लेकीकडे निघाल्या होत्या, आणि तिथला घरमालक कुत्रं ठेवू देत नव्हता. मग चार वर्षांची, बत्तीस किलोची, पिवळसर रंगाची लॅब्रेडॉर गाडीच्या मागच्या सीटवर बसून साताऱ्याला आली. पुढच्या पायांखाली शाल दाबून धरलेली. वहिनींनी तिचं लशींचं पुस्तक, अर्धी पिशवी खाणं आणि पट्टा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "वन्सं, हिला एकटं झोपायची सवय नाही हो."

घरात तांबू होतीच. नऊ वर्षांची, सतरा किलोची गावठी कुत्री. गोडोलीत एका बांधकामावर वाळूच्या ढिगाआड सापडली होती, तेव्हा माझ्या ओंजळीत मावायची. नऊ वर्षं हे घर, अंगण, फाटक आणि मी, सगळं तिच्या एकटीचं होतं.

मला वाटलं, दोघी माणसाळलेल्या आहेत, दोघींची ऑपरेशनं झालेली आहेत. चार दिवस कुरबूर होईल, मग एकमेकींना टेकून झोपतील. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. वर्गात नवा मुलगा आला की जुन्या मुलांच्या चेहऱ्यावर काय उमटतं हे दर जूनमध्ये पाहिलं. नव्या मुलाला मी कधी वर्गातल्या सगळ्यात दांडग्या पोराच्या बाकावर नेऊन बसवलं नाही. घरात मात्र नेमकं तेच केलं.

आमचं फाटक जेमतेम तीन फुटांचं. मी ते उघडलं आणि जुईचा पट्टा धरून तिला सरळ आत आणलं. तांबू समोरून धावत आली. दोघी तोंडासमोर तोंड करून उभ्या राहिल्या आणि मी घाबरून पट्टा आखडला. ओळख करून द्यायची याहून वाईट रीत नसेल. गल्लीतली अनोळखी कुत्री मोकळ्यावर भेटतात तेव्हा पाहा. ती नाकाच्या रेषेत एकमेकांवर चालून जात नाहीत. थोडा वळसा घेतात, मान बाजूला करतात, मध्येच जमीन हुंगतात, मग शेपटीकडून एकमेकांचा वास घेऊन दोन-तीन सेकंदांत बाजूला होतात. ज्याला नको असेल तो आपल्या वाटेने निघून जातो. पट्टा ताणला की यातलं काहीच करता येत नाही. समोरच्या कुत्र्याला दिसतं ते फक्त ताठलेलं अंग आणि वर उचलली गेलेली मान, आणि कुत्र्यांच्या भाषेत त्याचा अर्थ चांगला नाही.

त्या दिवशी तसं काही झालं नाही. जुईने नजर खाली घातली. तांबूने तिला हुंगलं आणि ती आत निघून गेली. ही शांतता फसवी असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नव्या घरात आलेलं कुत्रं पहिले काही दिवस स्वतःला मिटून घेतं, आणि जुनं कुत्रं पाहुणा जाण्याची वाट पाहतं. पाहुणा जात नाही हे त्याच्या लक्षात आलं की खरी गोष्ट सुरू होते.

आमच्याकडे ती चौथ्या दिवशी सुरू झाली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. तिथे तांबूचं पोतं असतं. तिथून तिला पुढचं दार दिसतं, मागचं अंगण दिसतं आणि ओट्याशी उभी असलेली मी दिसते. जुई माझ्याकडे यायला निघाली की तांबू आडवी पडल्या पडल्या घशातून आवाज काढायची. बारीक, सलग. जुई थबकायची आणि परत फिरायची. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, "सवत आणून बसवलीस की गं तिच्या उरावर." मला ते लागलं. तांबू दुष्टपणा करते आहे असं वाटायला लागलं, कारण माझ्या मनात जुई म्हणजे दादाची शेवटची ठेव होती आणि तिला कुणी गुरगुरलेलं मला सोसत नव्हतं.

कुणीतरी नंबर दिला म्हणून एका कुत्रे शिकवणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, ही स्वतःला घरची बॉस समजते. बॉस तुम्ही आहात हे हिला दाखवा." त्याने तांबूला उताणी पाडून छातीवर हात दाबून कसं धरायचं ते करून दाखवलं. तांबूने डोळे फिरवले आणि ती निपचित पडली. "बघा, मानलं तिने," तो म्हणाला. उताणी पाडण्याचं मला जमलं नाही. पण ती गुरगुरली की मी ओरडायला लागले, आणि दोनदा वर्तमानपत्राची गुंडाळी जमिनीवर आपटली. आठवड्याभरात गुरगुरणं थांबलं. मी वहिनींना फोन करून सांगितलं, जमलं म्हणून.

एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी मी कणीक मळत होते. कुकरची शिट्टी झाली, जुई दचकली आणि आसरा शोधत स्वयंपाकघरात शिरली. तांबू उठली. आवाज नाही, दात दाखवले नाहीत, काही नाही. तिने सरळ जुईचा कान धरला. कानाला जखम झाली की रक्त फार येतं आणि कुत्रं डोकं झाडतं, त्यामुळे क्षणभरात फ्रिजवर, भिंतीवर, परातीतल्या कणकेवर लाल थेंब उडाले. मी हात मध्ये घातला. माझ्या अंगठ्याखाली दात रुतला. तो कुणाचा, हे मला आजही सांगता येणार नाही.

दोन कुत्र्यांच्या भांडणात हात घालू नये, हे इथेच सांगून ठेवते. त्या क्षणी त्यांना तुमचा हात ओळखू येत नाही. स्टीलचं ताट जमिनीवर आपटा, बादलीभर पाणी टाका, मध्ये खुर्ची किंवा फळी सरकवा, अंगावर जाड गोधडी टाका. सुटल्या की लगेच दोन वेगळ्या खोल्यांत दार लावून ठेवा, आणि "आता समेट करा" म्हणून त्याच दिवशी समोरासमोर आणू नका. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची, त्यावर हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आमच्या दोघींच्या रेबीजच्या लशी दर वर्षी होतात. तरी डॉक्टरांनी मला इंजेक्शनं सुरू केली: पहिल्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी.

त्या रात्री हाताला पट्टी बांधून मी पुढच्या खोलीत बसले होते. एका दाराआड जुई कण्हत होती, दुसऱ्या दाराआड तांबू गप्प होती. तिचं गप्प असणं मला पहिल्यांदाच ऐकू आलं. तिने मला पंधरा वेळा सांगितलं होतं, की ही इतकी जवळ आलेली मला चालत नाही. मी तिचं सांगणंच बंद करून टाकलं होतं.

गुरगुरण्याच्या आधी कुत्रं बरंच काही बोलून झालेलं असतं. मान फिरवतं. नाकावरून जीभ फिरवतं. झोप आलेली नसताना जांभई देतं. डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं पाहतं. मग एकदम थिजतं, श्वाससुद्धा रोखल्यासारखं. त्यानंतर गुरगुर, त्यानंतर हवेतल्या हवेत दात वाजवणं, आणि सगळ्यात शेवटी चावा. नॉर्वेच्या तुरिड रुगास यांनी यातल्या शांतवणाऱ्या खुणांवर एक छोटं पुस्तक लिहिलं आहे आणि जगभरचे कुत्रेवाले ते वाचतात. या जिन्याची एखादी पायरी आपण शिक्षा करून काढून टाकली, तर कुत्र्याची भीती किंवा राग कमी होत नाही. फक्त ते ती पायरी सोडून थेट पुढच्या पायरीवर जातं. माझ्या ओरडण्याने आणखी एक नुकसान झालं. जुई जवळ आली की बाई ओरडते, असं तांबूच्या डोक्यात पक्कं बसलं. आधी जुई नुसती परकी होती. आता ती अंगावर येणाऱ्या संकटाची चाहूल झाली.

मग मी त्या 'बॉस' प्रकरणाच्या मागे लागले. निवृत्त मास्तरीण आहे, कुणी ठासून सांगितलेली गोष्ट कुठून आली हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ मध्ये एक निबंध लिहिला. ते लांडगे बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले होते. ते वरचढपणासाठी झगडत, आणि त्यातूनच कळपात एक 'अल्फा' असतो ही कल्पना रुजली. पुढे अमेरिकेच्या डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या लांडग्यांवरच्या पुस्तकाने ती घरोघरी नेली. लांडग्याचं कुत्र्यालाही लावलं गेलं. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातले साधू जर्मन शेफर्ड पाळतात. १९७८ मध्ये आलेल्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात कुत्र्याला उताणं पाडून धरण्याची शिक्षा होती.

पुढचा भाग त्या शिकवणाऱ्यापर्यंत पोचला नव्हता. डेव्हिड मीच स्वतः कॅनडाच्या अगदी उत्तरेच्या एल्झमीर बेटावर १९८६ पासून अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांच्या जवळ राहिले. तिथे त्यांना दिसलं ते एक कुटुंब होतं: आई, बाप आणि त्यांची लहान-मोठी पिल्लं. आई-बाप पुढे असतात ते लढाई जिंकून नव्हे, आई-बाप आहेत म्हणून. १९९९ मध्ये त्यांनी हे मांडलं, आणि आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवावं म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. मठातल्या साधूंनीही २००२ च्या आवृत्तीत ती शिक्षा काढून टाकली. आपण लिहिलेलं चुकलं असं छापील पुस्तकाबद्दल म्हणायला मोठं मन लागतं, आणि मला या दोन्ही गोष्टींचं मनापासून कौतुक वाटतं.

पण वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की बाझेलचे ते लांडगे मला माझ्याच अंगणात दिसताहेत. स्वतः निवड न करता एका कुंपणात येऊन पडलेले जीव, आणि बाहेर जायला वाट नाही. तांबूने जुईला निवडलं नव्हतं. जुईने साताऱ्याला यायचं ठरवलं नव्हतं. गल्लीतल्या कुत्र्याला पटलं नाही तर तो पुढच्या चौकात जातो. माझ्या दोघींना चौकच नव्हता. म्हणजे त्यांच्यात बॉस कोण हे ठरवण्यापेक्षा, कुंपणाच्या आत त्यांना निघून जाता येईल अशा जागा करणं हे माझं काम होतं.

जुईच्या कानाला टाके घालून झाल्यावर आमच्या जनावरांच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आता जुनीला आणा." मी म्हटलं, तिला काही लागलेलं नाही. "लागलेलं नाही, पण चाल बघू दे." तांबूला त्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात दोनदा चालवलं, मग मागच्या पायांवरून हात फिरवत खुब्यापाशी जरासं दाबलं. तांबूने मान वळवून त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि नाकावरून जीभ फिरवली. एक्स-रे काढला. दोन्ही खुब्यांत संधिवात. बत्तीस किलोचं धड अरुंद दारातून घासून गेलं की तिला दुखत होतं. ती उंबरा राखत नव्हती, स्वतःचे खुबे राखत होती. जे कुत्रं वर्षानुवर्षं शांत होतं ते अचानक दुसऱ्यावर धावून जायला लागलं, तर स्वभाव बिघडला असं समजण्याआधी त्याला कुठे दुखतंय का ते तपासून घ्या. दात, कान, कंबर, सगळं. आणि औषध डॉक्टरांनी दिलेलंच द्या. आपल्या घरातल्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका, आयबुप्रोफेन तर त्यांच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक असतं.

"आता दोघी एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत असं समजा," मॅडम म्हणाल्या, "आणि घाई करू नका." मी विचारलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, "ते या दोघी ठरवतील." कुत्री दत्तक देणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशोब सांगतात: तीन दिवसांत बुजणं कमी होतं, तीन आठवड्यांत घराचा क्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. आम्हाला पाच महिने लागले.

पहिले दहा दिवस दोघींनी एकमेकींना पाहिलं नाही. दिवसातून दोनदा खोल्या बदलायच्या. जुई मागच्या अंगणात गेली की तांबू पुढच्या खोलीत येऊन जुईचं अंथरूण हुंगायची. माझा एक जुना सुती दुपट्टा जुईच्या गालांवरून आणि मानेवरून फिरवून मी तांबूच्या ताटलीपासून चार हातांवर ठेवायची. पहिल्या दिवशी तिने त्याला वळसा घातला. पाचव्या दिवशी ती त्याच्यावर पाय ठेवून जेवली. माणसाला दुसऱ्याची ओळख चेहऱ्याने होते, कुत्र्याला वासाने, आणि वास ओळखीचा करायला समोर उभं राहावंच लागत नाही.

मग फिरणं, आणि यानेच सगळ्यात जास्त काम केलं. अजिंक्यताऱ्यावर जाणारा रस्ता सकाळी साडेपाचला बऱ्यापैकी मोकळा असतो. तो ना तांबूचा ना जुईचा. शेजारचा कॉलेजातला मुलगा जुईला घ्यायचा, मी तांबूला. पहिल्या दिवशी दोघींत तीसेक पावलांचं अंतर ठेवलं आणि दोघींची तोंडं चढाकडे, एकाच दिशेला. पट्टा सैल. भेटायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं चालायचं. थोड्या वेळाने आम्ही पुढे-मागे व्हायचो, म्हणजे पुढची जिथे मुतली तिथे मागची थांबून सावकाश हुंगायची. एखादी दुसरीकडे टक लावून पाहायला लागली, कान पुढे आले, शेपूट ताठ वर गेली, की त्या दिवसापुरतं अंतर वाढवायचं. रागवायचं नाही, फक्त लांब व्हायचं. दुसऱ्या आठवड्यात आम्ही रस्त्याच्या दोन कडांनी चाललो. चौथ्या आठवड्यात मधे एका माणसाची जागा उरली. एका सकाळी दाट धुक्यात पुढे काहीतरी सळसळलं. दोघी एकदम थांबल्या आणि दोघींनी एकाच बाजूला नाक वळवलं. एकमेकींकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

घरात आमचं सेफ्टी डोअर कामाला आलं. जाळीचं दार बंद, पलीकडे दहा फुटांवर जुई, अलीकडे दहा फुटांवर तांबू. दोघींपाशी एकेक माणूस आणि वाटीत उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे. मीठ, कांदा, लसूण काही नाही; कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतात. क्रम मात्र चुकवायचा नाही. आधी दुसरी दिसली पाहिजे, मग तुकडा. पडदा ओढला, दुसरी दिसेनाशी झाली, की तुकडेही बंद. डी.एड.ला मानसशास्त्रात पाव्हलॉव्ह पाठ केला होता, घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं म्हणून. चाळीस वर्षांनी त्याचा उपयोग झाला. ओरडून मी तांबूच्या मनात जे बसवलं होतं ते मला तुकड्या-तुकड्याने उलटं करायचं होतं. दिवसाला पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. साधारण तीन आठवड्यांनी जुई जाळीपाशी आली की तांबू माझ्या हाताकडे पाहायला लागली.

या सगळ्यात मी जुईला गरीब बिचारी समजत होते, तेही पुरतं खरं नव्हतं. एके दिवशी तांबू नुसती शालीच्या टोकाजवळून गेली आणि जुई थिजली. डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, ओठ जरासा वर गेला. दादाच्या घरातलं तेवढंच तिच्याकडे उरलं होतं. रोज संध्याकाळी सातला ती फाटकापाशी जाऊन बसायची, दादा त्या वेळी फिरून यायचा. वहिनींचा व्हिडिओ कॉल आला की आवाज ऐकून ती घरभर शोधायची, सोफ्यामागे, बाथरूममध्ये, आणि मग शालीवर जाऊन पडायची. शेवटी वहिनी आणि मी ठरवलं, की तिच्यासमोर फोन स्पीकरवर ठेवायचा नाही. शाल काढून घ्यावी असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. मी ती मागच्या खोलीत नेऊन ठेवली, जिथे तांबू जात नाही. कुत्र्याला प्रिय असलेली वस्तू हिसकावली की राखणं आणखी वाढतं. काही सोडवून घ्यायचं झालं तर त्याहून चांगलं काहीतरी समोर धरावं, आणि ती वस्तू शक्य असेल तेव्हा परतही द्यावी.

घराचा नकाशाच मग बदलला. जेवण दोन खोल्यांत, दार लावून, आणि खाणं संपलं की ताटल्या उचलायच्या. रिकाम्या ताटलीवरूनही भांडणं होतात. पाणी तीन ठिकाणी. चघळायची हाडं आणि खेळणी दोघी समोरासमोर असताना नाहीतच. स्वयंपाकघराच्या दारातलं तांबूचं पोतं मी आत, देवघराखाली सरकवलं. तिथे तिला तीन बाजूंनी भिंत आहे आणि जुईला जायला मज्जाव आहे. वरच्या दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत. लहानपणापासून पाहते आहे, पण परवा पहिल्यांदा नीट पाहिलं: एकाचंही तोंड दुसऱ्याकडे नाही आणि प्रत्येकाला आपली जागा आहे.

बेल वाजली की मी आधी दोघींना वेगळं करते आणि मगच दार उघडते. आनंदाने उसळलेली कुत्रीसुद्धा अरुंद दारात एकमेकींवर घसरतात. दिवसातली वीस मिनिटं प्रत्येकीची एकटीची. तांबूची रात्री नऊनंतर, माझ्या खाटेशेजारी, खुब्यांना हलका हात लावत. जुईची दुपारी, अंगणात चेंडूबरोबर. जुनीला आधी मान द्यायचा की नवीला, याचा मी पूर्वी फार विचार करायची. आता जी शांत बसली असेल तिला आधी देते.

मोठं कुत्रं असताना पिल्लू आणणार असाल तर ओळख बहुधा सोपी जाते, पण काळजी तितकीच लागते. स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ च्या त्यांच्या पुस्तकात दाखवलं, की पिल्लाला साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात इतर जिवांची ओळख सगळ्यात सहज होते. मात्र पार्व्होसारखे आजार याच वयात जीव घेतात, तेव्हा लशींचं वेळापत्रक डॉक्टरांकडून ठरवून मगच बाहेरची कुत्री दाखवावीत. पिल्लाला मर्यादा कळत नाहीत आणि म्हातारं कुत्रं थकतं, म्हणून पिल्लाला पोचता येणार नाही अशी एक जागा म्हाताऱ्याला हवीच. नर आणि मादी ही जोडी बहुतेक वेळा जमते. दोन प्रौढ माद्यांमध्ये बिनसलं तर ते बरंच खोलवर जातं, हे मॅडमनी मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं.

आणि काही जोड्या जमत नाहीत. सगळं नीट करूनही. मग घरातल्या घरात कायमचं दार मध्ये ठेवून दोघांना आलटून-पालटून मोकळं सोडणं, किंवा एकाला दुसरं चांगलं घर शोधून देणं, हेच त्या जिवांच्या भल्याचं असतं. एप्रिलमध्ये एकदा पुन्हा झटापट झाली, रक्त आलं नाही, पण मी वहिनींना फोन लावला होता. दोन वेळा रिंग गेली आणि मी कट केला. उचलला असता तर काय म्हणाले असते, माहीत नाही. जे हे पाऊल उचलतात त्यांना कुणी निर्दयी म्हणू नये. रोज चाव्याच्या भीतीत जगणारं कुत्रं आणि रोज दार सांभाळणारं माणूस, दोघांचंही आयुष्य त्यात जातं.

जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा मी पहिल्यांदा दोघींना पट्ट्याशिवाय एका खोलीत ठेवलं. त्याआधी आठवडाभर पट्टे अंगावर पण जमिनीवर लोळते सोडलेले होते, वेळ आलीच तर टोकाला धरता यावं म्हणून. त्या दिवशी त्यांनी काहीही केलं नाही. एक खिडकीखाली, एक खाटेखाली. मी तासभर पुस्तक उघडून बसले होते आणि एक पानही वाचलं नाही.

आता ऑगस्ट संपत आला आहे. दोघी एकमेकींना टेकून झोपत नाहीत. एकमेकींशी खेळतही नाहीत. एकदा जुईने पुढचे पाय पसरून, ढुंगण वर करून खेळायचं आवतण दिलं, तांबूने मान वळवली, आणि जुईने ते समजून घेतलं. मला ते पुरतं.

काल संध्याकाळी मी भाकरी थापत होते. बाहेर पाऊस. तव्यावरच्या भाकरीचा वास गेला असेल, जुई आली आणि उंबऱ्यापाशी थांबली. देवघराखालून गुरगुर आली, बारीक, सलग, फेब्रुवारीतली होती तीच. मी मागे वळले नाही. जुईने मान बाजूला केली, जमीन हुंगली आणि वळसा घेऊन मागच्या खोलीत शालीवर जाऊन बसली. देवघराखालचा आवाज थांबला. मी भाकरी उलटली, टम्म फुगली, आणि दोन तुकडे निवायला ठेवले, दोन वेगळ्या ताटल्यांत.